एकच दर्यावर्दी, दोन जुन्या बोटी: ‘तुरीया’ की ‘बयानत’?

(या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून बोललेलं थोडं नीट करून लिहिलंय. बाकी बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.)

०:०० : डोंबिवलीत बसून बोटींच्या गप्पा?

आजचा विषय आहे शिडाच्या बोटी. मला माहितीये, तुमच्यातले निम्मे जण हे लोकलमध्ये उभं राहून ऐकताय आणि म्हणताय, आपला काय संबंध? संबंध आहे. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि त्यानंतर मराठा आरमाराची पहिली जहाजं आपल्या कल्याणच्या खाडीत बांधायला घेतली. कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात खिडकीतून जी खाडी दिसते ना, ती थेट समुद्राला जोडलेली आहे. आपणच तिच्याकडे पाठ करून बसलोय.

पण आज इतिहास नको. आज तुलना करायची आहे. फोनची तुलना करतो तशी, दोन जुन्या बोटींची.

अभिलाष टॉमी हे भारतीय नौदलातले माजी अधिकारी. २०१८ मध्ये ते ‘तुरीया’ नावाच्या बोटीतून एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. ८२ व्या दिवशी, हिंदी महासागरात, त्यांना अपघात झाला आणि पाठीचा कणा मोडलेल्या अवस्थेत त्यांना बोटीतून उचलून न्यावं लागलं. २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत ‘बयानत’ नावाची वेगळी बोट घेऊन गेले आणि २३६ दिवसांनी दुसऱ्या क्रमांकाने परत आले.

माणूस तोच, शर्यत तीच, बोटी दोन. साहजिकच व्हॉट्सअ‍ॅपी निष्कर्ष तयार असतो: पहिली बोट वाईट, दुसरी चांगली. पहिली आपल्याकडे गोव्यात बांधलेली आणि दुसरी इंग्लिश बनावटीची, त्यामुळे हा निष्कर्ष जरा जास्तच पटकन काढला जातो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. दोन वेळा चालवून बघितलेल्या प्रोग्रॅमवरून कोणी असा निष्कर्ष काढला तर आम्ही त्याला मीटिंगमधून उठवतो. म्हणून आज नीट बघूया.

२:४० : शर्यतीचा नियमच ‘जुनं’ असण्याचा

या शर्यतीचं नाव गोल्डन ग्लोब रेस. १९६८ मध्ये ती पहिल्यांदा झाली. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी मारायची. तेव्हा नऊ जण निघाले आणि एकच जण ती पूर्ण करू शकला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. ३१२ दिवस लागले. त्याची बोट ‘सुहैली’. आणि सुहैली बांधली कुठे? मुंबईत, कुलाब्याला. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ती पाण्यात उतरली. सागवानी लाकूड आणि हातात वाकस घेऊन फळ्या तासणारे आपले सुतार.

२०१८ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, हीच शर्यत जुन्या पद्धतीने पुन्हा सुरू केली. जीपीएस नाही. सूर्य-तारे बघून सेक्स्टंटने जागा काढायची, कागदी नकाशे वापरायचे. बोट ३२ ते ३६ फुटांची हवी आणि तिचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा. आणि तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: कील लांब हवा आणि सुकाणू त्या कीलच्याच मागच्या कडेला जोडलेलं हवं.

कील म्हणजे बोटीच्या तळाचा खाली उतरलेला जाड कणा. आजच्या वेगवान बोटींत तो अरुंद पात्यासारखा असतो आणि सुकाणू वेगळं, मागे लटकलेलं. अशी बोट झटपट वळते, पण पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर आपटली तर सुकाणू जातं. लांब कीलची बोट वळायला आळशी, पण एकदा दिशा धरली की धरली. सुकाणू कीलच्या आडोशाला असल्याने सुरक्षित. एसटी आणि स्कूटर यांतला फरक समजा.

आपल्या दोन्ही बोटी याच एसटी प्रकारातल्या. म्हणजे तुलना योग्य आहे.

५:१५ : ओळख करून घेऊ

पहिली, तुरीया. नाव संस्कृत, जागृती-स्वप्न-सुषुप्ती यांच्या पलीकडची चौथी अवस्था. ही सुहैलीची प्रतिकृती. गोव्यात, रत्नाकर दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली, २०१७ मध्ये पाण्यात उतरवलेली. हे तेच शिपयार्ड जिथे नौदलाची ‘म्हादेई’ बनली. त्याच म्हादेईतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे टॉमींनी २०१२-१३ मध्ये तीच बोट घेऊन कुठेही न थांबता फेरी मारली. या सगळ्यामागे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता. तर शिपयार्ड नवशिकं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

बोट २०१७ ची असली तरी आराखडा शंभर वर्षांचा. अमेरिकन डिझायनर विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२० च्या दशकात ‘एरिक’ नावाचा आराखडा काढला. त्याचा आधार होता नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौका. वादळात कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटी. त्यांचं काम वेगात जाणं नव्हतं, परत येणं होतं.

दुसरी, बयानत. नाव अरबी, अर्थ ‘डेटा’. प्रायोजक कंपनीचं नाव. बोटीचा प्रकार रस्टलर ३६. इंग्लंडच्या होल्मन अँड पाय या जोडीने १९८० च्या सुमारास काढलेला आराखडा, फायबरग्लासचा. ही ‘क्रूझिंग’ बोट. म्हणजे कुटुंबाने सुट्टीत लांब फिरायला जावं म्हणून केलेली.

७:५० : फेरी पहिली: लांबी आणि वेग

कागदावर एक ३२ फुटी, दुसरी ३६ फुटी. दोन्ही लोकलच्या एका डब्याच्या साधारण निम्म्या. मोठी जास्त वेगवान, बरोबर?

थांबा. जड बोटीचा वेग तिच्या एकूण लांबीवर ठरत नाही, पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. बोट चालताना स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यावरच्या लांबीइतकी झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. मग कितीही वारा असू दे, चढणीला लागलेल्या रिक्षासारखी अवस्था. याचं सूत्रही आहे: पाण्यावरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉट्समध्ये.

आता गंमत बघा. सुहैलीची पाण्यावरची लांबी साधारण २८ फूट. रस्टलरची २७ च्या आसपास. कारण रस्टलरची पुढची-मागची टोकं पाण्याच्या वर तिरकी पसरलेली आहेत, आणि सुहैलीची टोकं जवळपास उभी. म्हणजे कमाल वेग दोघींचाही सात नॉट्स, तासाला तेरा किलोमीटर. ‘चार फूट मोठी’ हा फरक इथे शून्य झाला.

मग रस्टलर प्रत्यक्षात जलद का? कारण कमाल वेग रोज मिळत नाही. सुहैलीने ३१२ दिवसांत साधारण तीस हजार सागरी मैल कापले, म्हणजे सरासरी चार नॉट्स, तासाला साडेसात किलोमीटर. ठाणे ते कल्याण पावणेतीन तास! फरक पडतो तो मंद वाऱ्यात आणि समोरून वारा असताना. एरिक आराखड्याच्या बोटीचं वजन नऊ टनांच्या घरात, रस्टलरचं साडेसातच्या. हलकी बोट कमी वाऱ्यातही सरकत राहते. शिवाय रस्टलरचा खालचा आकार जास्त सडपातळ, त्यामुळे ती वाऱ्याच्या दिशेला जास्त जवळून जाऊ शकते. जड, गुबगुबीत बोटीला तिथे लांबचे तिरके फेरे मारावे लागतात.

ही फेरी रस्टलरची. पण लक्षात घ्या, २०१८ मध्ये अपघात झाला तेव्हा टॉमी या ‘हळू’ बोटीतून तिसऱ्या क्रमांकावर होते. त्यांच्या पुढे फक्त दोन जण, दोघेही रस्टलर ३६ वर.

११:३० : फेरी दुसरी: डोलकाठ्या

तुरीया म्हणजे केच, दोन डोलकाठ्या. पुढची मोठी, मागची लहान. रस्टलरला एकच उंच डोलकाठी.

दोन डोलकाठ्यांचा फायदा: तेवढंच कापड लहान-लहान शिडांत विभागलं जातं. एकट्या माणसाने, रात्री तीन वाजता, ओल्या डेकवर एक अवाढव्य शीड आवरण्यापेक्षा तीन लहान शिडं आवरणं बरं. तोटा: दोरखंड, तारा, जोड सगळंच दुप्पट. आणि प्रत्येक जोड म्हणजे तुटू शकणारी एक जागा.

२०१८ चा विजेता, फ्रान्सचा जाँ-ल्युक व्हान देन हीद, याने रस्टलरची डोलकाठी मुद्दाम उंचीला कमी करून घेतली होती. वेग थोडा सोडला, मजबुती घेतली. त्याचीही बोट प्रशांत महासागरात उलटली. डोलकाठीला धरणाऱ्या तारांचा जोड खाली घसरला, पण डोलकाठी टिकली. काठीवर चढून-चढून दुरुस्ती करत तो तसाच पुढे गेला आणि साधारण २१२ दिवसांत जिंकला.

या फेरीत बरोबरी. काठ्या किती, यापेक्षा त्या किती मजबूत, हे जास्त महत्त्वाचं.

१३:५० : फेरी तिसरी: लाकूड की फायबर

इथे मात्र मन आणि डोकं यांचं भांडण होतं.

मुंबईच्या सागवानी जहाजांचा लौकिक उगाच नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशेहून जास्त वर्षं! सुहैलीही साठी ओलांडून शाबूत आहे.

पण फळ्यांच्या बोटीला सांधे असतात. १९६८ मध्ये सुहैली निघून काही आठवडे झाले नाहीत तोच तळाच्या सांध्यांतून पाणी आत यायला लागलं. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरला, बोटीखाली बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि वरून तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच एक शार्क घुटमळायला लागला, तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा खाली. ऐकायला भारी. पण त्यातला मुद्दा वेगळा आहे: बोट बिघडली, आणि हातोडी, कापूस, पट्टी एवढ्यावर एकटा माणूस ती भर समुद्रात दुरुस्त करू शकला.

फायबरग्लासला सांधेच नाहीत. फळी सुटणं नाही, कापूस ठासणं नाही. वर्षानुवर्षं कमी देखभाल. मात्र कवचाला मोठी चीर गेली तर भर समुद्रात बुडी मारून ती बुजवणं अवघड.

थोडक्यात, लाकूड वारंवार कुरकुरतं पण ऐकतं. फायबर सहसा कुरकुरत नाही.

१६:२० : २१ सप्टेंबर २०१८

आता मूळ प्रश्नाकडे. त्या दिवशी नेमकं काय झालं?

दक्षिण हिंदी महासागर. ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून जवळपास १,९०० सागरी मैल पश्चिमेला. वारा ७० नॉट्स, म्हणजे ताशी १३० किलोमीटर. लाटा १४ मीटर. चार-पाच मजली इमारतीएवढ्या. तुरीया उलटली, डोलकाठ्या गेल्या. टॉमी वरून खाली आपटले आणि पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उभं राहता येईना.

इथे एक आकडा सांगतो, आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा. १९७९ मध्ये फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा खलाशांचा बळी घेतला. त्यानंतर बोटींच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ठेवून चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा: बोटीच्या लांबीच्या साधारण ६० टक्के उंचीची लाट फुटून आडवी आदळली, तर जवळपास कोणतीही बोट पूर्ण उलटू शकते.

करा हिशेब. ३२ फुटी बोटीला १९ फुटांची लाट पुरे. ३६ फुटीला साडेएकवीस फुटांची. दोघींतला फरक अडीच फूट. आणि त्या दिवशी लाटा होत्या ४५ फुटांच्या.

अडीच फुटांच्या फरकावर आपण ‘चांगली बोट, वाईट बोट’ ठरवत बसलोय!

पुरावा अजून आहे. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनची बोटही उलटली आणि डोलकाठ्या गमावून बसली. ती बिस्के ३६, पुढच्या शर्यतीत तिसरी आलेली जात. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या सूझी गुडॉलची बोट केप हॉर्नच्या वाटेवर कोलांटी खाऊन डोलकाठी गमावून बसली. तिला एका मालवाहू जहाजाने वाचवलं. तिची बोट कोणती? रस्टलर ३६.

म्हणजे २०१८ मध्ये रस्टलर जिंकलीसुद्धा आणि मोडलीसुद्धा.

आणि तुरीयाचं काय? ती उलटली, पण पुन्हा सरळ झाली. ती फुटली नाही, बुडली नाही. नौदलाच्या विमानाने तिला शोधलं, २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच गस्ती जहाज पोहोचलं, तेव्हा टॉमी आत, जिवंत होते. जवळपास तीन दिवस हलता न येणाऱ्या माणसाला त्या समुद्रात त्या कवचाने सांभाळलं. गोव्याच्या कारागिरांनी बांधलेल्या बोटीचा निकाल लावायचा असेल तर याही गोष्टीवर लावा. आर्चरच्या बचावनौकांचं काम आठवतंय ना? माणूस परत आणणं. ते तिने केलं.

२०:१० : मग २०२२ मध्ये बोट का बदलली?

टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसल्या. चालणं नव्याने शिकावं लागलं. तरी चार वर्षांनी ते पुन्हा निघाले, या वेळी रस्टलर ३६ घेऊन.

माझ्या मते रस्टलरचा खरा फायदा वेग नाही, ओळख आहे. तुरीया तिच्या प्रकारची जवळपास एकटी. तिची दुखणी फक्त तिलाच माहीत. रस्टलर ३६ कितीतरी लोकांनी चाळीस वर्षं वापरली, त्यातल्या काही याच शर्यतीत मोडल्या, आणि नेमकं कुठे मोडतं हे जगजाहीर झालं. आमच्या भाषेत, एकाने घरी लिहिलेला कोड आणि हजारो लोकांनी वापरून बग काढलेली लायब्ररी. घरचा कोड वाईट असतो असं नाही. पण वादळाच्या रात्री तुम्हाला दुसऱ्यांनी आधीच धडपडून शोधलेली उत्तरं हवी असतात.

तरीही बयानत निमूट चालली नाही. विंडवेन मोडलं. विंडवेन म्हणजे विजेशिवाय, फक्त वाऱ्याच्या कोनावर सुकाणू धरणारं यंत्र, एकट्या खलाशाचा दुसरा हात. हेच यंत्र १९६८ मध्ये सुहैलीवरही मोडलं होतं. टॉमींनी काय केलं? बोटीतल्या टॉयलेटचं दार कापलं आणि त्याचे सुटे भाग बनवले. चाळीस वर्षांची परखलेली बोट, आणि शेवटी कामाला आलं दार आणि करवत.

आणि एक शेवटचा धक्का. २०२२ ची शर्यत जिंकली कोणी? दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफरने, २७ एप्रिल २०२३ ला. टॉमी दोन दिवसांनी, २९ एप्रिलला पोहोचले. वाटेत तिने बोट बुडालेल्या एका स्पर्धकाला पाण्यातून वाचवलंही. तिची बोट केप जॉर्ज ३६. जड, लांब कीलची, आणि तिचा मूळ आराखडा? विल्यम अ‍ॅटकिनचाच! तोच अ‍ॅटकिन, ज्याच्या दुसऱ्या एका आराखड्यावरून मुंबईत सुहैली बांधली. म्हणजे ‘जुनाट’ म्हणून आपण जिला मागे टाकत होतो, त्याच घराण्यातली मोठी बहीण रस्टलरच्या पुढे आली.

२३:३० : तर निकाल काय?

पळवाट काढत नाही, सांगतो.

पृथ्वीला फेरी मारायची असेल, दिवस मोजायचे असतील, तर रस्टलर ३६. समोरच्या वाऱ्यात चांगली, देखभाल कमी, आणि तिची दुखणी माहितीतली.

कोकण किनाऱ्याने, बंदर-बंदर करत, लाकडाचं काम जाणणारा सुतार जवळ असताना, घाई नसताना फिरायचं असेल, तर सुहैलीच्या वंशातली लाकडी बोट. बिघडेल, पण दुरुस्त होईल.

आणि ४५ फुटांच्या लाटेखाली? तिथे दोन्ही सारख्या. तिथे बोट एवढंच करू शकते की उलटल्यावर सरळ व्हायचं आणि तरंगत राहायचं. तुरीया तरंगत राहिली, म्हणून बयानतची गोष्ट घडू शकली. पहिली बोट हरली म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा.

जुनी बाइक घेताना, जुना लॅपटॉप घेताना आपण स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडून बसतो. तक्त्यात ३२ आणि ३६ दिसतात. पाण्यावरची लांबी दिसत नाही. मोडल्यावर मला स्वतःला दुरुस्त करता येईल का, आणि माझ्या आधी कितीजण ही वापरून गेलेत, हेही त्यात नसतं. ते विचारावं लागतं.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेतो. आणि पुढच्या वेळी लोकलमधून खाडी दिसली, तर अर्धा मिनिट मोबाइलवरून नजर उचला. मला ऐकत राहिलात तरी चालेल.